जित्या उंदरांचं घर

आता सांगितलं तर खोटं वाटेल, पण माझ्या सासरी जळगावात उंदरांना रोज खायला घालत. ताट मांडून नव्हे हो. दिवेलागणीला माझी सासू कणगीतली मूठभर बाजरी घ्यायची, माजघराच्या कोपऱ्यात ठेवायची आणि सकाळी चूल पेटवायच्या आधी जाऊन बघायची. आम्ही सगळेच तिला अक्का म्हणत असू. बाजरी संपलेली दिसली की अक्काचा चेहरा उजळायचा. शिल्लक राहिली की त्या दिवशी कुणाशी धड बोलणं नाही, जेवणावर लक्ष नाही. सारखी आढ्याकडे बघत राहायची.

मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं, गणपतीच्या वाहनाचं काही व्रतबीत असेल. विचारायची सोय नव्हती. पुढे एकदा जात्यावर बसलो होतो तेव्हा अक्कानंच सांगितलं. पहिल्या मोठ्या प्लेगात तिच्या घरातले उंदीर आधी झिंगल्यासारखे गोल गोल फिरले आणि मग आढ्यावरून पटापटा खाली पडले. कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर काही दिवस घर अगदी शांत होतं, खुट्ट नाही. आणि मग तिचा नवरा गेला, त्याच्या पाठोपाठ चालतीबोलती मुलगी गेली. दोघांच्याही काखेत गाठ आली होती. आमचे हे तेवढे अंगावर पीत होते म्हणून त्यांना कडेला घेऊन ती गावाबाहेरच्या झोपडीत जाऊन राहिली.

"जोपावत उंदीर पयतस, तोपावत घर निरोगी शे," ती म्हणायची. "उंदीर गया का समज, मरी उनी." उंदीर पळताहेत तोवर घर निरोगी, ते गेले की मरी, म्हणजे प्लेग आलाच.

आणि खरं सांगू का, ती काही वेड्यासारखं बोलत नव्हती. उंदीर पडायला लागले की घर सोडा, हे दवंडी पिटूनच सांगत त्या काळी. अक्कानं फक्त तीच गोष्ट उलटीकडून धरली होती. मेलेल्या उंदराची सगळ्यांनाच भीती होती. अक्काला जित्या उंदराचा आधार वाटायचा.

आमचं दुकान भुसाराचं. पुढे दुकान, मागे आम्ही राहायचो. बाजरी, दादर ज्वारी, तूर, उडीद यांची पोती भिंतीला लावलेली असत आणि घरात मातीनं लिंपलेल्या दोन मोठ्या कणग्या होत्या. उंदरांना काय कमी? पण अक्काची मूठ चुकायची नाही. शेजारी कापडवाले मारवाडी शेठजी होते, ते आमच्या ह्यांना सकाळी सकाळी डिवचायचे.

"भाऊ, उंदराला फुकट घालता अन् आम्हाला मापात बोट धरून घालता. आम्हाला पण शेपटी लावून घेऊ का?"

"लावा की शेठजी," हे म्हणायचे, "फक्त तुमचं कापड कुरतडायचं मग तुम्हीच."

दुकानात रीत अशी की चांगला माल गिऱ्हाइकाला आणि जमिनीवरचं झाडण घरात. दिवसभर मापं घालताना जे धान्य सांडेल ते संध्याकाळी झाडून सुपात यायचं. मी ते पाखडायचे, खडे आणि उंदराच्या लेंड्या वेचून काढायचे, टोके, म्हणजे धान्यातले किडे, चाळून टाकायचे आणि दळायचे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. अन्न टाकायचं कसं? सगळ्याच दुकानदारांच्या घरी हे चाले.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची झाली होती. दुसरी लढाई सुरू व्हायच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. फार बोलकी पोर. दुकानात माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तर आमची ही बाई काहीही मोजायची ते लाभापासून. भाकरी वाढली की "लाभ!", पायरी चढली की "लाभ!" शेठजी तिला मुद्दाम हाक मारून बोटं मोजायला लावायचे. अक्काचा तर ती जीव की प्राण. गेलेल्या लेकीचे डोळे हिला आलेत असं अक्का म्हणायची. दोघी एकाच गोधडीत निजायच्या.

आणि तिला एक खोड होती. मी दळायला बसले की जात्याच्या पाळीला येऊन बसायची आणि बोट ओलं करून पीठ चाटायची. ताजं असो, डब्यातलं जुनं असो. कधी सुपातलं झाडण तसंच मुठीनं तोंडात घालायची. "खाऊ दे," अक्का म्हणायची, "दुकानदारनी पोर शे, दाना नही खाई ते काय माती खाई?"

तर त्या वर्षी ती वाळायला लागली. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काटकुळे. खायची पुष्कळ, अंगाला काही लागायचं नाही. झोपेत कराकरा दात खायची. मग पोट दुखतं म्हणून गुडघे पोटाशी घेऊन पडायला लागली आणि तिचं ते लाभ मोजणंही हळूहळू बंद झालं. अक्कानं दृष्ट काढली. वावडिंग दिलं, पळसपापडी मधात उगाळून चाटवली. त्यानं चार दिवस बरं वाटायचं, परत तेच. अक्का रडायची. म्हणायची, ही तरी मला राहू दे.

माझं माहेर धुळ्याचं. भाऊ देवपुरात राहायचा, शाळेत मास्तर होता. दिवाळीला मी पोरीला घेऊन गेले तर तो बघतच राहिला. "हे काय करून आणलंस?" म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी पांझरेच्या पुलावरून आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. तिथले डॉक्टर म्हणजे एक वल्ली होते. बोलायचे तिरकं, पण हात मऊ होता. पोरीचं पोट दाबलं, डोळ्याची पापणी उलटवून बघितली आणि मला म्हणाले, उद्या हिची शी डबीत घालून आणा. मी लाजेनं मेले. भाऊ म्हणाला, "अगं, ते सोनं आण म्हणाले नाहीत. आण."

दुसऱ्या दिवशी ते बारीक गोष्टी बघायच्या दुर्बिणीत डोळा घालून बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "या बाई, तुमच्या घरचा पाहुणा बघा."

मी एक डोळा मिटून बघितलं. आधी काहीच दिसेना, माझीच पापणी दिसत होती. मग एक गोल दिसला. पिवळसर, मेथीच्या दाण्याच्या रंगाचा, आणि त्याच्या आत बारीक काट्यांसारख्या रेघा.

"हे जंताचं अंडं," डॉक्टर म्हणाले. "पण हा जंत माणसाचा नाही. उंदराचा आहे. तुमच्या मुलीच्या पोटात उंदराचा जंत कसा गेला? उंदीर खाता का हो तुम्ही?"

मी रडायलाच लागले. तेव्हा मग ते नीट बोलले. काय काय खाते, कुठे बसते, सगळं विचारलं. झाडणाचं मी सांगितलं, पीठ चाटते तेही सांगितलं. बाजरीच्या मुठीचं सांगताना माझी जीभ अडखळली, पण सांगितलं. ते हसले नाहीत. कागदावर काढून दाखवलं त्यांनी. उंदराच्या आतड्यात हा फितीसारखा जंत असतो. त्याची अंडी लेंडीतून धान्यात पडतात. धान्यातले, पिठातले किडे ती लेंडी खातात आणि किड्याच्या पोटात त्या अंड्याचं पिल्लू वाढतं. तो किडा कुणी कच्चा गिळला, की जंत त्याच्या पोटात. "नुसती लेंडी वेचून काय उपयोग?" ते म्हणाले. "किडा तिकडे जेवून बसलेला असतो. भाकरी भाजली की मरतो, म्हणून तुम्ही मोठे वाचलात. पोर कच्चं खाते."

मी इतकी वर्षं सुपात लेंड्या वेचत होते आणि मला वाटायचं, धान्य स्वच्छ झालं.

औषध फार वाईट होतं. काळपट हिरवं, उग्र वासाचं. आदल्या दिवसापासून पोरीला उपाशी ठेवलं, सकाळी ते पाजलं आणि वर जुलाब दिला. तिनं माझा हात चावला. पण दुपारी तो जंत पडला. पांढरा, चपटा, परकराच्या नाडीसारखा, आणि नाडीसारखाच लांब. माझ्या भावजयीनं बघितला आणि दारातच बसली. आठवड्याभरात पोरीच्या गालावर रंग दिसायला लागला. निघताना डॉक्टर म्हणाले, "हे एकदाचं झालं. घरातले उंदीर आणि किडकं धान्य राहिलं तर परत होईल. परत झालं तर एवढ्याशा जिवाला हे औषध किती वेळा झेपेल, मी सांगू शकत नाही."

हे शेवटचं वाक्य मी जळगावला येईपर्यंत मनात घोळवत आले.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे समजूतदार होते, कागदावरचं चित्र दोनदा बघितलं. अक्काजवळ विषय काढला तर ती म्हणाली, "किडा उंदीरना शे, मंग उंदीरले काबर व्हत नही काही? तो कसा टुणटुण उड्या मारस?"

"अक्का, त्याला सवय असते त्याची," मी म्हटलं.

"तुले काय माहीत माय? तू तवय जन्मेल बी नही व्हती. मना घरना उंदीर गया अन् मनं घर गयं. माले नको शिकाडू."

हे मधे पडले. म्हणाले, "अक्का, पोर तुझी पण आहे ना? डॉक्टर काय शत्रू आहे का आपला?"

त्या संध्याकाळी अक्कानं मूठ घातली नाही, एवढं खरं. आम्हाला वाटलं, पटलं. मग ह्यांनी कणग्या रिकाम्या केल्या, धान्य उन्हात घातलं, किडकं होतं ते गुरांनाही न घालता जाळलं, बिळं काचा घालून बुजवली. पिंजऱ्यात काही उंदीर सापडले, पण तेवढ्यानं भागेना. म्हणून कणकेच्या गोळ्यांत सोमलाचं विष घालून त्या पोत्यांच्या मागे ठेवल्या, पोरीला तेवढे दिवस शेठजींकडे बसवून.

आता सोमल खाल्लेला उंदीर काही मालकाच्या घरात मरायचं वचन देऊन खात नाही. त्यांना तहान लागते, ते गटाराकडे धावतात. दोन दिवसांत गल्लीच्या गटारात, कुणाच्या पायरीवर, कुणाच्या पाण्याच्या हौदाजवळ उंदीर मरून पडले. समोरची तेलीण पहाटे पाण्याला निघाली आणि घागर टाकून ओरडत आली, "पडले वो माय, उंदीर पडले!"

हे प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगत होते, "अरे बाबांनो, मी मारलेत. मीच औषध घातलं." कोण ऐकतंय? शेठजींसारखा माणूस, रोज थट्टा करणारा, तोसुद्धा दुकानाला कुलूप लावून म्हणाला, "भाऊ, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मारलेला कोणता अन् मेलेला कोणता, उंदराच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? माझी पोरंबाळं आहेत." दुपारपर्यंत मेहरूणच्या बाजूला मोकळ्या रानात तट्ट्याच्या झोपड्या उभ्या राहायला लागल्या होत्या. गल्ली रिकामी. नगरपालिकेची माणसं येऊन चुना टाकून गेली.

अक्का मात्र ओरडली नाही की रडली नाही. ती माजघरात बसली होती आणि आढ्याकडे बघत होती. आढ्यावर काहीच वाजत नव्हतं. मग उठली, पोरीचे कपडे फडक्यात बांधले आणि म्हणाली, "मी इले धरणगावले लई जास."

धरणगावला तिच्या भावाचं घर. कापसाचं आणि धान्याचं मोठं खटलं. मी म्हटलं, "अक्का, झोपडीत जाऊ सगळे, पोरीला माझ्याजवळ राहू द्या."

"झोपडीमा थंडी शे. अन् तठे बरं शे. मना भाऊना घरमा दिवसा उंदीर पयतस, दिवसा!"

हे ती मला धीर द्यायला सांगत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "जाऊ दे तिला. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. आता नाही म्हटलं तर ती वेडी होईल." वडील आणि बहीण गेल्यानंतरच्या आईजवळच ते लहानाचे मोठे झाले होते ना. मी घाईघाईनं दादर भाजून, दळून त्याचं पीठ डब्यात भरलं. अक्काच्या हातात डबा दिला आणि पायावर डोकं ठेवून म्हटलं, "तिला कच्चं काही देऊ नका. भूक लागली तर ह्यातलंच द्या." अक्का म्हणाली, "मी काय वैरीन शे का तिनी?" आणि पोरीला कडेवर घेऊन स्टेशनाकडे गेली. पोर खुशीत होती. तिला आगगाडी आवडायची.

गल्लीत कुणाला ताप आला नाही. हळूहळू लोक परत आले. शेठजी थोडे ओशाळले होते, पोरीला म्हणून बुंदीचा लाडू देऊन गेले. आमचं घर असं स्वच्छ झालं होतं की मला झाडताना सुख वाटायचं. पण अक्का येईना. निरोप पाठवला, येईना. संक्रांत झाली. मग मीच धरणगावला गेले.

पोर ओसरीवर बसली होती. तिनं मला बघून हात पुढे केले, पण उठली नाही. पोट पुन्हा तसंच झालं होतं. भाजक्या पिठाचा डबा कधीच संपला होता. भरल्या घरातली पाच-सात पोरं कणगीच्या बुडाशी खेळायची, बाजरीचं पीठ गुळात कालवून तसंच खायची. त्यात माझीही. त्या मुलांना काही होत होतं का, मला माहीत नाही. ती धट्टीकट्टी होती. माझी आधीच पोखरलेली होती.

मी अक्काला म्हटलं, "घरी चला. गल्ली भरली पुन्हा. कुणालाही काही झालं नाही."

"उंदीर दखातस का आते घरमा?"

मी खोटं बोलायला हवं होतं असं पुढे पुष्कळांनी मला सांगितलं. पण मला त्यावेळी अभिमानच वाटला. म्हटलं, "एक नाही अक्का. एकसुद्धा नाही."

तिनं पोरीला मांडीत ओढून घेतलं. "मंग कसाले येऊ मी? मेल्या घरमा?"

आम्ही घर जितकं स्वच्छ करत होतो तितकं ते तिच्या लेखी मेलं होतं, हे मला तिथे, त्या ओसरीवर कळलं. तिच्या भावानं मध्यस्थी केली, भावजयीनं केली. शेवटी मी पोरीला तिच्या मांडीवरून अक्षरशः सोडवून घेतलं. अक्काचं रडणं गाडीच्या वाटेपर्यंत ऐकू येत होतं.

जळगावला थांबलेच नाही. सरळ धुळ्याला गेले. तेच डॉक्टर होते. दुर्बिणीत बघून त्यांनी मान हलवली, पण या वेळी मला बघायला बोलावलं नाही. म्हणाले, "तोच आहे. पण आता औषध द्यायचं नाही. अंगात रक्तच नाही. आधी महिनाभर दूध, भाताची पेज, मोसंबीचा रस द्या. अंग धरू द्या, मग बघू." भावानं गाय दारात आणून दूध काढायला लावलं. भावजय रात्रंदिवस राबली. आणि पोर थोडी सुधारतही होती. एक दिवस भिंतीला धरून चालली.

मग उन्हाळा लागला आणि देवपुरात हगवणीची साथ आली. शेजारच्या मुलांना झाली, ती मुलं उठून बसली. हिच्यात उठायला काही शिल्लक नव्हतं. भर दुपारी गेली, भावाच्या घरी, माझ्या मांडीवर. डॉक्टर घरी आले होते. ते म्हणाले, "मेली हगवणीनं. पण हगवण एकटी आली नव्हती." एवढंच बोलले आणि छत्री विसरून गेले.

म्हणून मी माझ्या लेकीसुनांना सारखं सांगते, पीठ चाळा, जुनं पीठ ठेवू नका, लेकराला कच्चं पीठ, कच्चं धान्य देऊ नका, धान्याच्या खोलीत उंदीर शिरू देऊ नका. त्या कंटाळतात. कंटाळू देत.

अक्का पावसाळ्याच्या तोंडी परत आली. कुणी आणायला गेलं नव्हतं. आली, गाठोडं ठेवलं आणि कामाला लागली. हे तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मी बोलायचे. माझ्यापाशी भांडायला काही उरलं नव्हतं, आणि ती अर्धी झाली होती. एका दुपारी आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. तिनं वर न बघता विचारलं, "मरताना तिले गाठ ते नही उनी ना? काखमा, जांघमा?"

"नाही अक्का."

"तू नीट दखं व्हतं?"

"मीच न्हाऊ घातलं तिला. कुठेच गाठ नव्हती."

तिनं मोठा श्वास सोडला. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग बरं. मी तिले मरीपासून वाचाडं."

मी मान डोलावली. तिच्या पुढ्यातली तूर संपली होती, तर माझ्या सुपातली थोडी तिच्याकडे लोटली.